माजी आमदारांची पेन्शन: कशी ठरते, किती बसते, कुठे तपासायची

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला. आमच्या घनसावंगी मतदारसंघात आमदार राजेश टोपे २,३०९ मतांनी पडले आणि हिकमत उढाण निवडून आले. पुढचे काही दिवस गावोगावच्या पारावर मतांच्या बेरजा चालल्या होत्या. त्यातच आमच्या शेजारच्या आजोबांनी विचारले, "पडलेल्या आमदाराचा पगार आता बंद होतो का?" एकजण म्हणाला, बंद. दुसरा म्हणाला, आता जन्मभर लाखोंची पेन्शन. तिसऱ्याने मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवला, पाच टर्मच्या पाच पेन्शनी!

पगार बंद होतो, हे खरे. पेन्शन सुरू होते, हेही खरे. बाकीचे बरेचसे चुकीचे होते. हा हिशेब अवघड नाही. सातवी शिकलेला माणूसही कागदावर पाच मिनिटांत करू शकतो. आपण तो पायरीपायरीने करू. माझे मत मी लपवत नाही. लोकप्रतिनिधीला पेन्शन असावी, पण सध्या ती ज्या पद्धतीने मिळते ती फार सढळ आहे. ते का, हे हिशेब झाल्यावर सांगतो.

आधी पेन्शन कोणाला मिळते ते पाहू. महाराष्ट्रात ती विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या माजी सदस्यांना मिळते. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ जागा आहेत. सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक यांना अशी पेन्शन नाही. गावात वीस वर्षे सरपंचकी केलेल्या माणसालाही नाही. पुष्कळ लोक 'पुढाऱ्यांची पेन्शन' असे सरसकट म्हणतात, तिथे ही पहिली चूक होते.

दुसरी चूक मंत्रिपदाबाबत होते. मंत्री होता म्हणून पेन्शन वाढत नाही. हिशेब सदस्यत्वाच्या वर्षांवर चालतो. आणि माणूस पुन्हा निवडून आला, की तो आमदार म्हणून वेतन घेतो. तेवढा काळ त्याची पेन्शन थांबते.

आता कायदा. राज्यघटनेचा अनुच्छेद १९५ सांगतो, की आमदारांचे वेतन आणि भत्ते विधिमंडळाने कायदा करून ठरवावेत. त्या अनुच्छेदात पेन्शन हा शब्द नाही. पण सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, म्हणजे ज्या विषयांवर राज्य कायदा करू शकते त्या यादीत, राज्याच्या तिजोरीतून द्यायच्या निवृत्तिवेतनाचा विषय आहे. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, महाराष्ट्र विधानमंडळ सदस्यांचे निवृत्तिवेतन अधिनियम, १९७६. आमदारांच्या वेतनाचा कायदा वेगळा, तो १९५६ चा. बातमी वाचताना कोणत्या कायद्यात दुरुस्ती झाली ते आधी पाहावे. वेतनवाढ आणि पेन्शनवाढ पुष्कळदा एकाच दिवशी मंजूर होते आणि आकड्यांची सरमिसळ होते.

ही पेन्शन २०१३ साली महिना २५,००० रुपयांवरून ४०,००० झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये ४०,००० वरून ५०,००० झाली. त्या वेळी आमदारांचे वेतनही वाढवून प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडले गेले आणि ते विधेयक सभागृहात चर्चेविना मंजूर झाले. वेतन असे जोडलेले असल्यामुळे अधिकाऱ्याचे वाढले की आमदाराचेही वाढते. पेन्शनची मूळ रक्कम मात्र कायद्यात आकड्याने लिहिलेली असते. ती वाढवायची तर दुरुस्ती विधेयक आणावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता सूत्र. पहिल्या पाच वर्षांच्या सदस्यत्वासाठी महिना ५०,००० रुपये. पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षामागे महिना २,००० रुपये जादा. बस, एवढेच.

एक टर्म केली, तर ५०,०००. दोन टर्म, म्हणजे दहा वर्षे केली, तर जादा पाच वर्षांचे १०,००० मिळून ६०,०००. आपल्या भागातले उदाहरण घेऊ. टोपे १९९९ आणि २००४ साली अंबडमधून निवडून आले. मग मतदारसंघांची पुनर्रचना होऊन घनसावंगी हा स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि २००९, २०१४, २०१९ ला ते इथून निवडून आले. म्हणजे सलग पंचवीस वर्षे. पहिली पाच वगळून वीस राहिली. वीस गुणिले २,००० म्हणजे ४०,०००. त्यात मूळचे ५०,००० मिळवले की ९०,००० होतात. हा निव्वळ सूत्राचा हिशेब आहे. पंचवीस वर्षे सदस्य राहिलेल्या कोणालाही, कोणत्याही पक्षाच्या माणसाला, तो असाच लागू होतो.

मोबाइलवरचा 'पाच टर्म, पाच पेन्शनी' हा हिशेब आपल्याकडे का चुकतो ते आता कळेल. तो बहुतेक पंजाबवरून आला असावा. तिथे पूर्वी प्रत्येक टर्मला पेन्शन मोठ्या टप्प्याने वाढत जाई आणि काही जुन्या आमदारांची रक्कम लाखांत जाई. पंजाबचा आकडा महाराष्ट्राच्या नावावर फिरतो, लोक चिडतात, आणि कोणी खरा आकडा दाखवला की सगळी तक्रारच खोटी ठरते. तक्रार खरी असेल, तर आकडाही खरा हवा.

आमदारकी आणि खासदारकी दोन्ही केलेल्यांचा प्रश्न इथेच येतो. खासदारांची पेन्शन केंद्राच्या १९५४ च्या कायद्याखाली मिळते. तिची तरतूद त्या कायद्यात १९७६ साली आली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ती २५,००० वरून ३१,००० केली. पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाचे २,००० होते, त्याचे २,५०० केले. ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून लागू धरली. केंद्राच्या कायद्यात असेही म्हटले आहे, की खासदाराला दुसरी एखादी पेन्शन मिळत असली तरी ही पेन्शन तिच्यासोबत मिळते. त्यामुळे दहा वर्षे आमदार आणि पाच वर्षे खासदार राहिलेल्या माणसाचा हिशेब ६०,००० अधिक ३१,०००, म्हणजे महिना ९१,००० असा होतो. तिजोऱ्या दोन, कायदे दोन, म्हणून बेरीज करावी लागते.

रकमेशिवाय सवलतीही आहेत. माजी आमदाराला एसटीचा मोफत प्रवास, ठरलेल्या मर्यादेत रेल्वेचा प्रवास आणि औषधोपचाराचा खर्च मिळतो. निधनानंतर पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पेन्शनवर प्राप्तिकर लागत नाही असे कोणी सांगितले, तर ते चूक आहे. ती करपात्र आहे.

इथपर्यंत नुसते आकडे झाले. ५०,००० जास्त की कमी, हे बाजूला दुसरी रक्कम ठेवल्याशिवाय कळत नाही. मी तीन रकमा ठेवतो, कारण तिन्ही आपल्या तालुक्यात घरोघरी माहीत आहेत.

पहिली सरकारी नोकराची. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला, नर्सला जुनी पेन्शन योजना लागू नाही. त्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला हिस्सा घालते, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. याला अंशदान पेन्शन म्हणतात, म्हणजे आधी स्वतः भरा, मग मिळवा. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभरचे कर्मचारी आठवडाभर संपावर होते, ते याचसाठी. ज्यांना जुनी योजना लागू होती त्यांनाही पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागत असे. आमदाराला एक टर्म पुरते आणि वेतनातून पेन्शनसाठी काही भरावे लागत नाही.

दुसरी कामगाराची. साखर कारखान्यातला, सूतगिरणीतला किंवा एसटीतला माणूस भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत असतो. आपण तिला ईपीएस ९५ म्हणतो. तिथे पेन्शन काढताना पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. या मर्यादेत पस्तीस वर्षे भरली, तरी आकडा ७,५०० च्या आसपास येतो. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती वाढावी म्हणून बुलढाण्यात निवृत्त कामगार वर्षानुवर्षे उपोषणाला बसले आहेत.

तिसरी रक्कम निराधाराच्या पगाराची. या रकमेपाशी मी थोडा जास्त थांबणार आहे.

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत सर्वसाधारणपणे महिना १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १,००० होते. श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागते. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. आमच्या गल्लीतल्या एका आजींची फाइल मी स्वतः भरली आहे. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, आणि मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत आहोत याचा पुरावा. कष्टाने आजींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या होत्या, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटेना. दोन महिने पैसे अडकले. त्या काळात त्यांची गोळ्या-औषधे उधारीवर चालली.

आता हिशेब मांडून पाहा. एका टर्मची आमदारकीची पेन्शन म्हणजे तेहेतीस निराधारांचा महिन्याचा पगार. पंचवीस वर्षांच्या आमदाराची पेन्शन म्हणजे साठ जणांचा. आजींना वर्षाकाठी ज्या उत्पन्नाच्या आत राहावे लागते, त्याच्या सव्वादोन पटीहून जास्त रक्कम माजी आमदाराच्या खात्यात एका महिन्यात जमा होते. आजींना उत्पन्न सिद्ध करावे लागते. आमदारकीच्या पेन्शनला उत्पन्नाची अटच नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. रक्कम मोठी आहेच, पण त्याहून मला ही गोष्ट खुपते, की एकाच तिजोरीतून पैसे देताना एकाची गरज तपासली जाते आणि दुसऱ्याची तपासतच नाहीत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०२४ च्या निवडणुकीत विजयी झालेल्या २८६ जणांची शपथपत्रे तपासली. त्यांपैकी २७७ जण कोट्यधीश निघाले. उद्या हे माजी आमदार झाले, तर त्यांना पेन्शन देताना याच शपथपत्राकडे पाहायला काय हरकत आहे? कागद सरकारकडे आधीपासून आहे, तोही त्यांनी स्वतः सही केलेला.

उत्पन्नाची कसोटी लावणे जमणार नाही, असे कोणी म्हटले तर पीएम किसानचे उदाहरण द्या. वर्षाला ६,००० रुपयांच्या त्या योजनेतून आजी-माजी मंत्री, खासदार आणि आमदार वगळले आहेत. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असणारेही वगळले आहेत. म्हणजे कोणाला सरकारी मदतीची गरज नाही, हे ठरवायची रीत सरकारला येते.

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी. पेन्शन नसेल, तर राजकारणात फक्त पैसेवाले टिकतील. ज्याने वकिली, शेती किंवा नोकरी सोडून वीस वर्षे लोकांची कामे केली, तो पडल्यावर काय खाणार? सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि एसटीने फिरत राहिले. अशा माणसाला म्हातारपणी तिजोरीने आधार द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच गुजरातसारखी माजी आमदारांना पेन्शनच नको, ही टोकाची वाट मला पटत नाही. पण हे कारण ज्यांना लागू पडते ते थोडे आहेत आणि पेन्शन सगळ्यांना सारखी आहे. गरजवंताचे नाव पुढे करून कोट्यधीशाला देणे मला योग्य वाटत नाही.

मग बदल होऊ शकतो का? न्यायालयातून व्हायची शक्यता कमी आहे. लोकप्रहरी या संस्थेने खासदारांच्या पेन्शनविरुद्ध याचिका केली होती. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पेन्शन द्यावी की नाही, किती द्यावी, हे संसदेने ठरवायचे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे वाट सभागृहातूनच जाते.

आणि ती वाट चालून झालेली आहे. पंजाबने २०२२ मध्ये कायदा बदलून 'एक आमदार, एक पेन्शन' केले. कितीही टर्म केल्या तरी रक्कम एकच, ६०,००० आणि त्यावर महागाई भत्ता. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या आमदारांची पेन्शन काढून घेणारे विधेयक मंजूर केले. महाराष्ट्राने काय करावे, हे मला विचाराल तर असे सांगेन. किमान एक पूर्ण टर्म केलेली असावी. आमदारकी आणि खासदारकी मिळून एकच पेन्शन असावी. प्रत्येक वर्षामागे वाढणाऱ्या २,००० ना कुठेतरी वरची मर्यादा असावी. आमदार असताना वेतनातून दहा टक्के कापले जावेत. आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ठरावीक रकमेवर उत्पन्न असेल, त्या वर्षी पेन्शन थांबावी.

आता आपण घरबसल्या काय तपासू शकतो ते पाहू. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असते, म्हणजे तो खर्च कोणत्या खात्यात टाकला त्याचा क्रमांक. निवृत्तिवेतनाचे मुख्य शीर्ष २०७१ आहे. त्याखाली १११ हे गौण शीर्ष विधिमंडळ सदस्यांच्या पेन्शनचे आहे. लोक चुकून २०११ हे शीर्ष उघडतात. तो विधिमंडळाचा चालू खर्च, त्यात विद्यमान आमदारांचे वेतन येते.

पान सापडले तरी दोन ठिकाणी घसरायला होते. एका रकान्यात आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो, दुसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज, तिसऱ्यात पुढच्या वर्षाचा अंदाज. आपल्याला झालेला खर्च हवा असेल, तर प्रत्यक्ष रकमेचाच रकाना घ्या. आणि पानाच्या डोक्यावर आकडे हजारांत आहेत की लाखांत, ते आधी वाचा. एक शून्य इकडचे तिकडे झाले, की आपलाच मजकूर उद्या मोबाइलवर खोटा म्हणून फिरतो.

किती माजी आमदारांना पेन्शन मिळते, हा आकडा अर्थसंकल्पात नसतो. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो. तो मुंबईच्या विधान भवनातल्या महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे पाठवावा. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा नियम आहे. विधिमंडळाला स्वतःचे शुल्क-नियम करायचा अधिकार आहे, म्हणून पाठवण्याआधी सचिवालयात फोन करून विचारून घ्या.

अर्ज बहुतेक वेळा मजकुरामुळे वाया जातो. 'इतकी पेन्शन का देता' असे विचारले, तर उत्तर मिळणार नाही, कारण कायदा नोंदीतली माहिती देतो, मत देत नाही. असे लिहा: अमुक आर्थिक वर्षाच्या ३१ मार्च रोजी निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सदस्यांची संख्या, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची संख्या, आणि दोन्हींवरील वर्षाचा एकूण खर्च. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पहिले अपील करता येते. पोस्टाची पावती जपून ठेवा, अपिलाला तीच लागते.

शेवटची पायरी विधेयकाची. पेन्शनची रक्कम कायद्यात आकड्याने लिहिलेली आहे, हे आपण वर पाहिले. त्यामुळे पुढची वाढ येईल ती विधेयक म्हणूनच, मुंबईच्या अधिवेशनात किंवा नागपूरच्या. विधेयकाच्या शेवटी वित्तीय ज्ञापन नावाचा छोटा मजकूर जोडलेला असतो. या दुरुस्तीने तिजोरीवर वर्षाला किती बोजा पडेल, ते त्यात सांगावे लागते. अशी विधेयके पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत येतात आणि काही मिनिटांत मंजूर होतात, म्हणून नंतर विचारून उपयोग नाही. अधिवेशन सुरू होण्याआधीच आपल्या आमदारांच्या कार्यालयात जाऊन एक साधे पत्र द्या. पेन्शनवाढीचे विधेयक आले, तर आपण त्यावर चर्चा मागाल का, आणि उत्पन्नाच्या कसोटीची दुरुस्ती सुचवाल का, एवढे दोनच प्रश्न त्यात लिहा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह.